घाटावरचे शहर, घाटाखालचा बाजार

मलकापूर स्थानकावर उतरून आम्ही मोताळ्यामार्गे राजूर घाट चढू लागलो, तेव्हा पोथ्यांतून वाचलेली वऱ्हाडची जुनी विभागणी डोळ्यांसमोर उभी राहिली. खाली काळ्या मातीचा पायनघाट, वर पठाराचा बालाघाट. आजही या जिल्ह्यात माणूस ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’, हे आधी विचारतात.

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे ६५० मीटर उंचीवर बुलढाणा वसले आहे. ‘भिलठाणा’ या शब्दापासून हे नाव आले, असे सांगतात. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि पुढे या थंड हवेच्या गावी जिल्ह्याच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या.

कचेऱ्या घाट चढल्या. व्यापार मात्र चढला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा गेला. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. घाटाखालच्या शेतकऱ्याने दाव्यासाठी वर यावे आणि कापूस खालीच विकावा, अशी ही वाटणी!

बुलढाण्याच्या बाजारात हिंडताना आम्हांला वाटले, डोंगराने पाणीही असेच वाटले आहे. उत्तर उतारावरचे पाणी पूर्णा-तापीतून पश्चिम समुद्राला मिळते. पैनगंगेचे गोदावरीवाटे पूर्वेला. शहराची तहान भागते ती येळगावला अडवलेल्या त्याच पैनगंगेवर. राज्यकर्त्यांनी येथे गारवा शोधला. येथल्या माणसाने मात्र आधी पाणी शोधले.