कर्जरोखे एका आगीत, पाणवठे दोन



गेटसभेत ओरडून घसा बसलेल्या माणसाला इतिहासावर बोलायला उभे करणे हे आपले धाडसच म्हटले पाहिजे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीत झाले. पंडितांसारखे ते क्रमाने झालेले नाही. जे हाती आले ते वाचले, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात धरून वाचले, की या लढ्यात कोणाला मोजले आणि कोणाला वगळले? आज तोच प्रश्न शेतकऱ्यांच्या चळवळींना विचारायचा आहे.

आपल्या तालुक्यातून नीरा ओलांडली की इंदापूर लागते. तेथून पुढे बारामतीकडे सुपे हे गाव आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याला बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोहोचले. माल लुटला गेला, काही ठिकाणी आगी लागल्या, पण माणसांच्या जिवावर उठणे फारसे झाले नाही. लोकांना हवे होते ते कागद. ज्या सावकाराने खतपत्रे मुकाट्याने बाहेर काढून दिली, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. चौकात रोख्यांची होळी झाली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला.

हे कर्ज कसे फुगले याची हकीकत मात्र समुद्रापार जाते. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून जाणारा कापूस थांबला. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, शेतकऱ्यानेही घेतले. 1865 साली ते युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीची नवी मोजणी करून सारा वाढवला. भाव उतरला तरी कर्ज उतरले नाही.

आणि ज्या मुलखातला कापूस परत बाजारात आला, त्या मुलखातला शेतकरी तरी सुखी होता काय? जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास या भागांत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसाला स्वातंत्र्य मिळाले, जमीन मिळाली नाही. गरीब गोऱ्याची होती ती जमीनही हळूहळू गेली. दोघेही एकाच दुकानाच्या पायरीवर आले. दुकानदार येत्या पिकावर हक्क लिहून घेई आणि पीठमीठ, खत उधार देई. उधारीचा भाव तो ठरवी, व्याज तो लावी आणि वेचणी झाली की कापूसही त्याच्याच गोदामात जाई. आपल्या सुप्याच्या कुणब्याला हा व्यवहार कोणी समजावून सांगावा लागला नसता.

तेथल्या शेतकऱ्यांनी संघ उभारले, सहकारी खरेदी-विक्री सुरू केली आणि 1892 साली पीपल्स पार्टी नावाचा स्वतःचा पक्ष राष्ट्रीय निवडणुकीत उतरवला. काम मोठे होते. पण दक्षिणेतल्या मुख्य शेतकरी संघात काळ्याला प्रवेश नव्हता. म्हणून 1886 साली टेक्सासमध्ये काळ्या शेतकऱ्यांचा वेगळा संघ निघाला. वरवर दोघांत सलोखा होता. 1891 च्या वेचणीत त्याची परीक्षा झाली. काळ्यांच्या संघाने कापूसवेचणीच्या मजुरीसाठी संपाची हाक दिली. शंभर पौंडांना पन्नास सेंट मिळत, त्यांनी एक डॉलर मागितला. आता गोऱ्या संघाचे सभासद स्वतः कर्जबाजारी असले तरी वेचणीपुरते मालक होते! त्यांचे अध्यक्ष पोक यांनी सल्ला दिला, की वाढीव मजुरी देण्यापेक्षा कापूस शेतातच राहू द्या. आर्कान्सा प्रांतातल्या ली परगण्यात या संपात पंधराच्या आसपास काळे मजूर मारले गेले.

जॉर्जियात टॉम वॉटसन नावाचा शेतकऱ्यांचा पुढारी होता. गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्याला वेगळे ठेवले जाते ते दोघांना वेगवेगळे लुटता यावे म्हणून, असे त्याने 1892 साली उघड मांडले होते. 1896 साली पक्ष पडला. पुढे हाच वॉटसन काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याच्या बाजूने उभा राहिला आणि वंशद्वेषावर पत्रे चालवू लागला. त्याच 1896 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे ठेवण्याला मान्यता दिली. एकट्या लुइझियाना प्रांतात 1896 साली 1,30,000 हून अधिक काळे मतदार नोंदलेले होते. 1900 साली ते 5,320 उरले. शेतकऱ्यांचा संघ मोडला, आणि मग ज्याला संघात घेतले नव्हते त्याचे मतही गेले.

आता घरी परत येऊ. महात्मा जोतिराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहून ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. एकाच माणसाने दोन्ही जखमांवर बोट ठेवले होते. त्यांच्या मागे हे दोन प्रश्न बहुधा दोन वेगळ्या घरांत राहायला गेले.

1875 च्या दंग्याआधीची एक गोष्ट मला फार दिवस छळते आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावापासून सावकारांवर बहिष्काराची लाट उठली. गावोगाव ठराव झाले, की सावकाराची जमीन कोणी करायची नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, पाणी कोणी भरायचे नाही. गरिबाच्या हातातले हे हत्यार पाहून मी कामगार म्हणून खूश झालो होतो. मग पुढचे वाचले. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागे माणसे पाणी प्यायला गेली, त्यानंतर गावोगाव महारांवर बहिष्कार पडले. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने 1930 साली या बहिष्काराची नोंद केली. हत्यार तेच, गावकीही तीच. सावकारावर उगारलेला हात महारवाड्यावर पडताना अडखळला नाही.

आमच्या कामगारांच्या घरचे सांगितले नाही तर मी लबाड ठरेन. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला. त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढायला ते तोंडाने शोषावे लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागणार! 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात दीड लाखाच्या घरात कामगार उपाशी राहिले. लाल बावट्याखाली सगळे भाऊ होते. आंबेडकरांनी विचारले, की मग साचेखात्याचे दार आमच्या लोकांना उघडण्याचे काय? त्या प्रश्नाला सरळ उत्तर त्यांना मिळाले नाही. भांडवलशाही गेली की जात आपोआप जाईल, असे आम्ही तरुण वयात शिबिरांत पाठ म्हणत असू. साचेखात्याचे दार कोणा मालकाने एकट्याने लावलेले नव्हते, ते आतून साचेवाल्यांनीही धरून ठेवले होते, हे शिबिरात कोणी सांगितले नाही.

म्हणूनच 10 जानेवारी 1938 हा दिवस मला मोठा वाटतो. कोकणात खोती होती. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळाकडून अर्धेअधिक पीक, वर वेठ, असे वसूल करी. त्याखाली कुणबी भरडला जाई, आगरी भरडला जाई, महारही भरडला जाई. अलिबागकडे चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली 1933 पासून शेतीचा संप चालवला होता आणि तो सहा वर्षे टिकला. 1936 साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि सप्टेंबर 1937 मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक विधिमंडळात मांडले. त्यापाठोपाठ जानेवारीत रत्नागिरी, कुलाबा आणि इतर जिल्ह्यांतून आलेले वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक अशी मंडळी बरोबर होती.

ज्या कुलाबा जिल्ह्यात अकरा वर्षांपूर्वी एका तळ्याच्या पाण्यावरून डोकी फुटली होती, त्याच जिल्ह्यातले कुणबी, आगरी आणि महार एका मिरवणुकीत चालले. आणि त्यांच्या मागण्या पाहा. खोती मोडा, थकलेला खंड माफ करा, या मागण्या कुळांच्या. शेतमजुराला किमान वेतन ठरवून द्या, हीही मागणी त्याच कागदावर होती. 1891 साली अमेरिकेत जिथे संघ फाटला, ती जागा इथे शिवलेली होती. एवढ्यासाठी मी त्या दिवसाला मोठा म्हणतो. संख्येसाठी नव्हे.

तो टाका टिकला नाही. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. 1939 साली मंत्रिमंडळ गेले. 1942 साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले, कारण दिल्लीच्या वाटाघाटींत अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्य म्हणूनच मांडावे लागत होते. खोती 1949 च्या कायद्याने गेली, महार वतन 1958 च्या कायद्याने. दोन्ही कायदे झाले, पण त्यांच्यासाठी पुन्हा एक मिरवणूक निघाली नाही.

हे सारे मी दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी. वीसएक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात (नाव कशाला घ्यायचे!) आम्ही पगारवाढीची नोटीस दिली. मागणीपत्र लिहिणारा मीच. त्यात अकरावे कलम ऊसतोडीच्या टोळ्यांचे होते. तोडणीचा दर वाढवावा आणि कोप्यांजवळ पिण्याच्या पाण्याची सोय करावी, एवढेच. टोळ्या बाहेरच्या जिल्ह्यांतल्या, मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या. ती उचल म्हणजे अमेरिकेतल्या दुकानदाराचे येत्या पिकावरचे कर्जच, फक्त इथे पिकाऐवजी माणसाचे हात गहाण असतात. वाटाघाटीच्या तिसऱ्या बैठकीत व्यवस्थापन म्हणाले, बाकीचे बघू, पण अकरावे कलम काढा. ते तुमचे कामगार नव्हेत. आमच्या समितीतले निम्मे सभासद घरचे ऊसवाले, तोडणीचा दर वाढला तर आपल्याच उसातून कापला जाईल ही त्यांची धास्ती. कोणी वर पाहिले नाही. खिशातले पेन काढून मीच त्या कलमावर रेघ ओढली.

करार चांगला झाला. गुलाल उधळला. चार दिवसांनी कारखान्याचा पट्टा पडला. बैलगाड्यांवर भांडी, कोंबड्या, पोरे चढवून टोळ्या गावाकडे निघाल्या. ज्या म्हाताऱ्याने कोपीत बसवून मला ते कलम तोंडी सांगितले होते, त्याने जाताना गाडी थांबवली आणि विचारले, “साहेब, आमचं लिवलं व्हतं त्याचं काय झालं?”

मी म्हणालो, पुढच्या हंगामाला बघू.