एकसष्ट तासांचा निकाल

शर्यत म्हटली कीं तिचा निकाल अंतिम रेषेवर लागतो, अशी आपली सर्वांची समजूत असते. घोड्यांची असो वा बैलगाड्यांची असो, जो प्रथम रेषा ओलांडील तो जिंकला. यांत वादास जागा ती कोणती? परंतु अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत, डेटोना बीच या समुद्रकांठच्या शहरीं, २२ फेब्रुवारी १९५९ रोजीं पांचशें मैलांची जी मोटारशर्यत झाली, तिचा निकाल लागावयास एकसष्ट तास लागले. आणि रविवारीं ज्याला विजयी म्हणून मिरविलें, त्याचा मान बुधवारीं काढून दुसऱ्यास द्यावा लागला.

डेटोनाचा आणि वेगाचा संबंध फार जुना आहे. तेथील व शेजारच्या ऑर्मंड येथील वाळू ओहोटीनंतर अशी घट्ट बसते कीं तींत गाडीचें चाक रुतत नाहीं. १९०३ पासून हौशी धनिक आपल्या मोटारी घेऊन हिंवाळ्यांत तेथें येऊं लागले. पुढें वेगाचे जागतिक उच्चांक त्या वाळूवर नोंदले जाऊं लागले. मार्च १९३५ मध्यें सर माल्कम कॅम्बेल या इंग्रज गृहस्थानें आपली ‘ब्लू बर्ड’ तेथें ताशीं २७६ मैलांहून अधिक वेगानें पळविली. पण त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो यूटा प्रांतांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर गेला आणि तेथें त्यानें तीनशें मैलांची मर्यादा ओलांडली. वाळूपेक्षां मीठ सरस ठरलें, आणि डेटोनाचें वैभव एका हंगामांत ओसरलें.

गेलेले पाहुणे परत यावेत म्हणून शहरानें दुसरी युक्ति योजली. १९३६ च्या मार्चांत ‘स्टॉक कार’ची, म्हणजे दुकानांत कोणालाहि विकत मिळेल अशा साध्या मोटारींची शर्यत भरविली. मार्गहि मोठा गमतीचा होता: एका अंगानें समुद्राची वाळू, दुसऱ्या अंगानें तिला समांतर अशी सडक, आणि दोहोंना जोडणारीं दोन वाळूचीं वळणें. गाड्या फिरूं लागतांच हीं वळणें उखडून त्यांत खड्डे पडले. गाड्या रुतल्या, आणि ठरलेलें अंतर पुरें होण्यापूर्वींच शर्यत थांबवावी लागली. शहराला भलतेंच नुकसान सोसावें लागलें. त्या गर्दींत पांचवा आलेला एक उंचापुरा मोटार-कारागीर मात्र स्वस्थ बसला नाहीं. त्याचें नांव विल्यम फ्रान्स. तो थोड्याच काळापूर्वीं वॉशिंग्टनहून तेथें येऊन राहिला होता.

फ्रान्सनें पुढें त्याच मार्गावर स्वतः शर्यती भरविण्यास आरंभ केला. भरतीचें वेळापत्रक पाहून वेळ ठरवावी लागे, कारण समुद्र कोणासाठीं थांबत नाहीं. झुडपांतून फुकट शिरणाऱ्या प्रेक्षकांस आवरण्यासाठीं त्यानें ‘येथें विषारी साप आहेत’ अशा पाट्या लावल्या, आणि तिकिटांचा खप वाढला म्हणतात! पण त्याची खरी दृष्टि व्यवस्थेकडे होती. त्या वेळीं दक्षिणेकडील प्रांतांत अशा शर्यतींचा बाजार माजला होता. चोरटी दारू पोलिसांना हुलकावणी देत पोंचविणारे तरुण साध्या दिसणाऱ्या गाड्यांचीं यंत्रें घरींच सुधारीत आणि सुट्टीच्या दिवशीं त्यांचीच शर्यत लावीत. भरविणारा मात्र कधीं कधीं बक्षिसाची रक्कम घेऊन शर्यत संपण्याआधींच पसार होई. डिसेंबर १९४७ मध्यें फ्रान्सनें डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलांत या धंद्यांतील मंडळी जमविली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्यें ‘नॅस्कार’ ही संस्था रीतसर नोंदली गेली.

समुद्रकांठीं घरें व हॉटेलें वाढूं लागलीं, तेव्हां वाळूवरची शर्यत फार दिवस टिकणार नाहीं हें फ्रान्सनें ओळखलें. १९५७ सालीं नव्या मार्गाचें बांधकाम सुरू झालें. मार्ग अडीच मैलांचा. पण त्याची अपूर्वता लांबींत नसून वळणांत होती. आपल्याकडे जत्रेंत ‘मौतका कुवा’ असतो. त्याच्या लांकडी भिंतीवरून फटफटीवाला गरगर फिरतो आणि खालीं पडत नाहीं, हें आपण पाहिलें असेल. तेंच तत्त्व येथें विस्तीर्ण प्रमाणावर होतें. वळणांवर रस्ता ३१ अंशांनीं आंतील बाजूस कलता केला होता. एवढ्या चढावर माणसास सरळ उभें राहणेंहि कठीण. गाडी वेगांत असली कीं तिला बाहेर फेंकूं पाहणारा जोर तिला रस्त्यावरच दाबून धरतो, आणि म्हणून वळणावर वेग फारसा कमी करावा लागत नाहीं. एवढे उंच बांध घालावयास माती कोठून आणावी? अभियंता चार्ल्स मनीपेनी यानें ती मार्गाच्या आंतील जमिनींतूनच खणून काढिली. तेथें जो खड्डा पडला त्यांत पाणी भरून एक सरोवरच झालें; तें आजहि आहे. उतारावर डांबर पसरतांना यंत्रें घसरून खालीं येत, म्हणून वरच्या अंगास दुसरीं अवजड यंत्रें उभीं करून त्यांना तीं तारदोरांनीं बांधावीं लागलीं. पैसा मध्येंच संपला, तेव्हां टेक्सासच्या क्लिंट मर्चिसन या धनिकाच्या सहा लाख डॉलरांच्या कर्जानें काम तडीस गेलें.

या वेगाची किंमत शर्यतीपूर्वींच कळून आली. ११ फेब्रुवारी १९५९ रोजीं मार्शल टीग हा डेटोनाचाच नामांकित शर्यतपटु वेगाचा उच्चांक करूं जातां या मार्गावर मरण पावला. तरीहि अकरा दिवसांनीं एकोणसाठ गाड्या रांगेंत उभ्या राहिल्या, आणि एकेचाळीस हजारांहून अधिक लोक पाहावयास आले.

दोनशें फेऱ्यांची ती शर्यत एकदांहि धोक्याचा पिवळा ध्वज न दाखवितां पार पडली. १९५० सालीं डार्लिंग्टन येथें अशीच पांचशें मैलांची शर्यत सहा तासांहून अधिक चालली होती. येथें ती पावणेचार तासांच्या आंत संपली. शेवटीं दोघेच उरले: नॉर्थ कॅरोलायनाचा, चव्वेचाळीस वर्षांचा अनुभवी ली पेटी, आणि आयोवा प्रांताचा जॉनी बोशँप. पेटीची ओल्ड्समोबिल, बोशँपची फोर्ड थंडरबर्ड. (पेटीचा मुलगा रिचर्ड हाहि त्याच शर्यतींत उतरला होता, पण त्याचें यंत्र लवकरच बिघडलें. पुढें बापापेक्षां तोच अधिक प्रसिद्ध झाला.) शेवटच्या फेरींत दोघे बरोबरीनें रेषेकडे आले, आणि नेमकी त्याच क्षणीं जो वेदरली याची तिसरी गाडी त्यांच्या बरोबर आली. वेदरली फेऱ्यांत मागें पडलेला, निकालाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं; पण तीन गाड्यांची ओळ रेषेवरून एकदमच निघून गेली आणि पाहणाऱ्यांचे डोळे गोंधळले.

फ्रान्सनें बोशँप जिंकल्याचें तात्पुरतें जाहीर केलें. पेटीनें हरकत घेतली. आपली गाडी पुढें होती याबद्दल त्याला संशय नव्हता. मग फ्रान्सनें वृत्तपत्रांचीं छायाचित्रें आणि वार्तापटाची फीत मागविली. तीन दिवस सारीं वृत्तपत्रें याच प्रश्नानें भरून गेलीं. नव्या मार्गाची जाहिरात व्हावी म्हणून त्यानें हा घोळ मुद्दाम लांबविला, असा आक्षेप नंतर अनेकांनीं घेतला. मला तो पुरता पटत नाहीं. स्वतःच जाहीर केलेला निकाल स्वतःच फिरविणें ही धंदेवाईक माणसाला सुखाची गोष्ट नसते. मात्र तीन दिवसांच्या त्या फुकट प्रसिद्धीनें त्याला दुःख झालें असेल, असेंहि नव्हे! बुधवारीं फितीवरून पेटी सुमारें दोन फुटांनीं पुढें असल्याचें ठरलें, आणि एकोणीस हजार पन्नास डॉलरांचें बक्षीस त्याला मिळालें.

छायाचित्र रेषेवर कोण पुढें होता तें सांगतें. पण त्यापूर्वीं कोणी किती फेऱ्या मारल्या तें सांगत नाहीं. त्या काळीं प्रत्येक गाडीच्या फेऱ्या माणसें हातानें टिपीत. त्या टिपणांत चूक झाली व बोशँपवर अन्याय झाला, असें मानणारे लोक त्यानंतर अर्धशतक उलटल्यावरहि निघाले. अधिकृत नोंदींत मात्र नांव पेटीचेंच आहे. ही शर्यत १९८२ पासून दरवर्षींच्या हंगामाची पहिली शर्यत म्हणून भरूं लागली, आणि तिच्या विजेत्यांची यादी त्याच नांवानें सुरू होते.

पेटी आणि बोशँप यांची पुन्हां एकदां गांठ पडावयाची होती. १९६१ च्या फेब्रुवारींत, त्याच मार्गावर, पात्रतेच्या शंभर मैलांच्या शर्यतींत दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या आणि कठडा तोडून बांधाबाहेर जाऊन पडल्या. पेटी महिनोन्‌महिने रुग्णालयांत होता. त्यानंतर तो थोड्याच शर्यतींत उतरला. बोशँप त्या श्रेणींतील शर्यतींत पुन्हां कधींच दिसला नाहीं.