आत्मार्पण आणि वैद्याचा हात

नाशिकनजीक भगूर येथे १८८३ साली जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत, अन्न व औषधे यांचा निश्चयपूर्वक त्याग करून, २६ तारखेस दादरच्या आपल्या निवासस्थानी देह ठेवला, तेव्हा त्या कृतीची मीमांसा त्यांनी स्वतःच आधी करून ठेवली होती. वैफल्याने जीव देणे ही आत्महत्या, आणि जीवितकार्य पूर्ण झाल्यावर जराजर्जर देह समाधानाने विसर्जित करणे हे आत्मार्पण, असा भेद १९६४ च्या लेखात मांडताना त्यांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीसारखी उदाहरणे पुढे केली होती.

ही प्रथा आमच्या भूमीत परकी नव्हे. ज्या जैन परंपरेची गजपंथ व मांगीतुंगी ही सिद्धक्षेत्रे नाशिक जिल्ह्यातच आहेत, तिने सल्लेखनेचे, म्हणजे उपवासाने देहत्याग करण्याचे, व्रत शतकानुशतके जपले. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीवर, दृष्टी क्षीण होऊन पायाखालचा जीवजंतू पाहून चालण्याचा मुनिधर्म अशक्य झाल्यामुळे, हे व्रत घेतले आणि ३६ व्या दिवशी ते सिद्धीस गेले. वैद्य या नात्याने या साऱ्या कैफियतींत मला एक गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची वाटते: संकल्प मरणाऱ्याच्याच मुखातून, चारचौघांसमक्ष उच्चारला गेला, वैद्याने त्यात हात न घालणे हाच त्याचा धर्म ठरला.

असाध्य व्याधीवर चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या पदरी अर्थ, विद्या व यश यांची हानीच पडते, असे चरकसंहिता बजावते. पण चरकापुढे श्वासयंत्र नव्हते. निसर्ग आपला निवाडा त्वरेने देई. आम्ही तो तहकूब करू शकतो, आणि ही तहकुबी उठवण्याचा अधिकार कोणाचा, हा आमचा प्रश्न आहे.

तो प्रश्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या निमित्ताने न्यायासनापुढे आला. २७ नोव्हेंबर १९७३ च्या पाशवी हल्ल्याने मेंदूस इजा झालेल्या अरुणा तेथेच वर्षानुवर्षे पडून होत्या. अरुणांचे अन्न थांबवावे, असा लेखिका पिंकी विराणी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला, मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवनाधार काढून घेण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. अरुणा श्वास स्वतःच घेत होत्या. बंद करायचे ते अन्न. सावरकरांनी त्यागले तेही अन्नच. परंतु तेथे त्याग करणारा स्वतः बोलत होता. येथे ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा त्या निःशब्द होत्या. म्हणूनच त्या रुग्णालयातील परिचारिकांनी या अर्जाला केलेला विरोध मला केवळ भावनेचा वाटत नाही. अखेरच्या श्वासापर्यंत, १८ मे २०१५ पर्यंत, अरुणांची शुश्रूषा त्या रुग्णालयाने निभावली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सज्ञान माणसाला जीवनाधार नाकारण्याचा संकल्प शुद्धीत असताना लेखी करून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये त्यातील जाचक सोपस्कार सैल झाले. आता दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत मात्र लागतेच, आणि ते लागलेच पाहिजे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘डॉक्टरसाहेब, आता नळ्या काढा’ असे म्हणणारा मुलगा पुष्कळदा द्राक्षबाग गहाण टाकून आलेला असतो. त्याच्या वेदनेचा मी अव्हेर करत नाही. तथापि कर्जाचा बोजा हा काही बापाचा संकल्प नव्हे. प्राण घेणारी सुई मी कोणाच्याही सांगण्यावरून उचलणार नाही. निष्फळ उपचार थांबवणे हे मात्र मी कर्तव्य मानतो. मरणचिन्हे दिसली तरी वैद्याने ती न विचारता सांगू नयेत, असे चरकाचे म्हणणे. येथे मी नम्रपणे त्याच्या विरुद्ध जातो, आणि वाचा शाबूत आहे तोवर, मुलाला बाहेर बसवून, श्वासयंत्र हवे की नको हे खुद्द रोग्यालाच विचारतो.