गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर : जुन्या पोर्श मोटारींच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गिअर बदलताना भिन्न वेगाने फिरणारे दोन भाग परस्परांत गुंतवावे लागतात. प्रारंभी त्यासाठी चालकास क्लच दोनदा दाबावा लागे. अन्यथा दाते करकरत. अर्ल थॉम्प्सन यांच्या संशोधनाच्या आधारे कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोनायझर आणून ही अडचण दूर केली.

पोर्श पद्धती :
१९५२ पासून पोर्श ३५६ या मोटारीत कंपनीच्या स्वतःच्या रचनेचे सिंक्रोनायझर आले. त्यातील फट असलेली पोलादी कडी घर्षणामुळे फाकते व वेग समान होईपर्यंत सरकत्या स्लीव्हला अडवून धरते. कडी झिजली की विशेषतः दुसऱ्या गिअरला करकर होते. १९७२ च्या ९११ मधील ९१५ गिअरबॉक्समध्येही हीच पद्धती कायम राहिली. १९८७ च्या मॉडेलपासून जी-५० गिअरबॉक्समध्ये बोर्ग-वॉर्नर प्रकारच्या शंकूकार कड्या आल्या आणि गिअर बदलणे सुलभ झाले.

मूल्यमापन व निष्कर्ष :
जुन्या ९११ मध्ये जी-५० बसविल्यास ही सुलभता लाभते. तथापि त्याकरिता मोटारीच्या मूळ सांगाड्यात कापाकापी करावी लागते. याउलट कड्या, स्लीव्ह व दाते नव्याने बसविले तर गिअर पुन्हा नीट पडतात आणि मूळ रचनाही अबाधित राहते. जुनी मोटार हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे साधन आहे. साधनावर केलेला फेरफार पूर्ववत करता येण्याजोगा असावा, हा निकष येथेही लागू होतो. म्हणून गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा त्याचे नूतनीकरण करणे अधिक इष्ट ठरते.