सात गुणांनी हुकलेली कियारा

कियारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातली नटी आली असेल. ही ती नव्हे. ही कियारा सिराकुझा, माल्टाची गायिका, जन्म १९७६चा. आपल्याकडे हिचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसणार. इकडे युरोपात ते लोकांना आठवतं ते तीन रात्रींमुळे: ९ मे १९९८, २१ मे २००५ आणि १६ मे २००९. या तीन तारखांत एका गायिकेची कारकीर्द आहे आणि एका इवल्याशा देशातल्या कलावंताचं दुखणंही आहे.

आधी माल्टाबद्दल थोडंसं. भूमध्य समुद्रात, इटलीच्या सिसिली बेटापासून सुमारे ९० किलोमीटरवर हा देश आहे. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. १९९८ साली लोकसंख्या चार लाखांच्या आत होती. १९६४ पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. माल्टीज भाषेची गंमत अशी की तिचं मूळ अरबी, त्यात इटालियन वळणाचे ढीगभर शब्द आणि लिपी रोमन. लोक कॅथलिक, पण देवाला म्हणतात 'अल्ला'!

आता विचार करा, चार लाखांच्या देशात पॉप गाणाऱ्याने पोट कसं भरायचं? गाणं घरोघरी पोचलं तरी विकून विकून किती विकणार? मराठी गायकाला निदान काही कोटी कान तरी असतात. माल्टाच्या गायकाला बाहेर पडण्यासाठी एकच मोठा दरवाजा होता आणि त्याचं नाव युरोव्हिजन.

ही स्पर्धा १९५६ पासून चालू आहे. प्रत्येक देशाने एक गाणं पाठवायचं, ते सगळीकडे टीव्हीवर दिसतं आणि मग देश एकमेकांना गुण देतात. आवडत्या दहा गाण्यांना १ ते ८, मग १० आणि सर्वांत आवडत्याला १२. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे छोट्या देशाला मोठ्या देशाइतकंच वजन. कागदावर तरी!

माल्टा पहिल्यांदा १९७१ मध्ये उतरला, माल्टीज भाषेतलं गाणं घेऊन. शेवटचा नंबर आला. १९७२ मध्ये पुन्हा माल्टीज गाणं, पुन्हा शेवटचा नंबर. १९७५ मध्ये इंग्रजीत गाऊन बारावा आला आणि मग जो गायब झाला तो थेट १९९१ मध्ये परतला. मधल्या काळात एक नियम आला होता. १९७७ पासून प्रत्येकाने आपल्याच देशाच्या भाषेत गायचं. माल्टाची एक राजभाषा इंग्रजी! त्यामुळे ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा एवढ्या तिघांनाच इंग्रजीत गाता येत होतं. हा फायदा किती मोठा होता बघा. १९९२ मध्ये पहिले तीन नंबर याच तिघांचे होते आणि तिसरी आलेली माल्टाची मेरी स्पितेरी. १९९२ ते १९९८ या सात वर्षांत पाच वेळा आयर्लंड किंवा ब्रिटन जिंकला.

आता पहिली रात्र. बर्मिंगहॅम, १९९८. कियारा एकवीस वर्षांची. नाचगाणं नाही, तामझाम नाही, एक संथ प्रेमगीत आणि मोकळा, भरदार आवाज. पंचवीस देशांची मतं एकेक करून येऊ लागली आणि माल्टा, इस्रायल आणि ब्रिटन यांच्यात अशी चुरस लागली की शेवटच्या देशापर्यंत निकाल कळेना. शेवटचा देश होता मॅसिडोनिया, त्याच वर्षी पहिल्यांदा स्पर्धेत आलेला. एकेका देशाची नावं वाचली गेली. माल्टाचं नाव आलंच नाही. शून्य! इस्रायल १७२, ब्रिटन १६६, माल्टा १६५. सात गुणांनी पहिला नंबर गेला आणि एका गुणाने दुसरा. जिंकलेली डाना इंटरनॅशनल ही ट्रान्सजेंडर गायिका होती, त्यामुळे जगभर मथळे तिचे झाले. ते योग्यच होतं. पण तिसरं कोण आलं, हे माल्टाबाहेर फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढच्याच वर्षी भाषेचा नियम रद्द झाला. आता वाट्टेल त्याने इंग्रजीत गावं. म्हणजे माल्टाच्या हातातला हुकमी पत्ता गेला. तरी २००२ मध्ये आयरा लॉस्को १२ गुणांनी मागे राहून दुसरी आली.

दुसरी रात्र, कीव, २००५. यावेळी गाणं कियाराने स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच चाल लावलेलं. बाकीच्यांकडे ढोल, नर्तक, उड्या. ही एकटी उभी राहून गायली. ग्रीसच्या हेलेना पापारिझूला २३०, कियाराला १९२. दुसरा नंबर. यातली एक गोष्ट मला फार लागते. फोनवरून मतं घ्यायला लागल्यापासून शेजारी शेजाऱ्याला मत देतो, हे उघड दिसू लागलं होतं. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ देतात यावर आता विनोदही शिळे झालेत. माल्टाचा सर्वांत जवळचा शेजारी इटली. तो १९९८ ते २०१० या काळात स्पर्धेत नव्हताच! म्हणजे कियारा तिन्ही वेळा गायली तेव्हा शेजारचं घर बंद होतं. ते १९२ गुण परक्यांनी दिलेले होते. माझ्या हिशेबाने हा दुसरा नंबर अनेकांच्या पहिल्यापेक्षा मोठा आहे.

तिसरी रात्र, मॉस्को, २००९. गाणं यावेळी बेल्जियमच्या गीतकार-संगीतकारांचं. आवाज तोच, उभं राहण्याची पद्धतही तीच. पण नुसत्या फोनच्या मतांऐवजी आता निम्मे गुण परीक्षकांचे आणि गाण्यात मागची धग नाही. पंचवीस जणांत बावीसावा नंबर, ३१ गुण. जिंकलेल्या नॉर्वेला ३८७.

लोक म्हणाले, तिसऱ्यांदा जायलाच नको होतं. बाहेरून बोलणं सोपं असतं हो. मोठ्या देशातला गायक हरला तर घरी परत येऊन दौरे करतो, रेकॉर्ड विकतो. हिच्या घरी परत येऊन गायचं तरी किती जणांपुढे? दरवाजा एकच असला की माणूस तोच पुन्हा पुन्हा ठोठावतो. याला हट्ट म्हणण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. कियाराची तिन्ही गाणी इंग्रजी होती. १९७२ नंतर माल्टीज भाषा त्या रंगमंचावर जवळजवळ ऐकूच आली नाही. २००० साली एका गाण्यात थोडीशी आली. २०२५ मध्ये मिरियाना कॉन्टे 'कांत' नावाचं गाणं घेऊन निघाली. माल्टीजमध्ये त्याचा अर्थ 'गायन'. इंग्रजी कानांना ती शिवी वाटली आणि नाव बदलायला लावलं. कोटी मुद्दाम केली होती हे खरं, पण इंग्रजी गाण्यात उरलेला तो एकच माल्टीज शब्द, तोही गेला.

२०२५ पर्यंत तरी माल्टाने ही स्पर्धा जिंकलेली नाही. लहान मुलांची युरोव्हिजन मात्र २०१३ आणि २०१५ मध्ये जिंकली. मोठ्यांच्या स्पर्धेत सर्वांत जवळ पोचलेल्यांत कियारा आहे, तेही दोनदा. उसन्या भाषेत का होईना, पण २००५चे शब्द आणि सूर तिचे स्वतःचे होते, आणि तेव्हाच तिला सर्वांत वरचा नंबर मिळाला. यातून कोणी काय घ्यायचं ते घ्यावं. मी आपला ते २००५चं गाणं अधूनमधून लावतो. तुम्हीही एकदा ऐकून बघा.