सच्चा पैगंबर कसा ओळखावा? हिरक्लचे प्रश्न
नबुव्वतचा दावा करणारा खरा की खोटा, हे कसे ठरवायचे? सहीह बुखारीत याचे उत्तर चक्क एका विरोधकाच्या साक्षीतून मिळते.

हुदैबियाच्या तहानंतर (इ.स. 628) अबू सुफियान व्यापारासाठी शामकडे गेले होते. तेव्हा ते मुसलमान झाले नव्हते. रोमचा बादशाह हिरक्लने त्यांना दरबारात बोलावले, सोबत्यांना मागे उभे केले आणि बजावले, हा खोटे बोलला तर सांगा.

त्याचे काही प्रश्न असे होते:
• पूर्वजांत कुणी राजा होता? नाही. म्हणजे गेलेल्या राज्याची हाव नाही.
• दाव्याआधी कधी खोटे बोलले? नाही. माणसांशी खोटे न बोलणारा अल्लाहच्या नावाने कसा बोलेल?
• वचन मोडतात? नाही.
• मागे कोण जाते? दुबळे लोक, आणि ते वाढतच आहेत.
• काय शिकवतात? एका अल्लाहची इबादत, नमाज, सच्चाई, नातेवाइकांशी चांगली वागणूक.

हिरक्लने चमत्कार विचारलाच नाही, चारित्र्य विचारले.

नबुव्वत मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाली (सूरह अहजाब, आयत 40), त्यामुळे नव्या दाव्याला जागाच नाही. पण कुणा बाबा-पीराच्या मागे लागण्याआधी हे प्रश्न आपल्या मुलांनाही विचारता आले पाहिजेत.