हिपस्टर
हिपस्टर ही अमेरिकन इंग्रजीतील, बहुधा उपहासाने वापरली जाणारी संज्ञा आहे. १९४०च्या दशकात जॅझ संगीताच्या जाणकार चाहत्यांना हे नाव होते; 'हिप्पी' हा शब्द त्यावरूनच आला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील विल्यम्सबर्गसारख्या श्रमिक वस्त्यांत राहायला आलेल्या सुशिक्षित तरुणांमुळे तो पुन्हा रूढ झाला. दाढी, जुने कपडे व अप्रसिद्ध संगीताची आवड ही त्यांची लक्षणे मानली जातात.

वेगळेपणाचा दावा करणारे सारे एकसारखेच दिसतात, ही नेहमीची टीका. घरभाडी वाढून मूळ रहिवासी विस्थापित होतात, हा आक्षेप अधिक गंभीर होय. मात्र विल्यम्सबर्गच्या नदीकाठी उंच निवासी इमारतींना मुभा देणारा महापालिकेचा २००५ सालचा निर्णय या टीकेत सहसा विसरला जातो. स्वतःला हिपस्टर म्हणवणारा क्वचितच आढळतो. हे नाव प्रायः इतरांनीच दिलेले असते.